विश्लेषण : मांजराला औषध देणे इतके अवघड का? चूक मांजराची की चिठ्ठीची?

चार किलोचे जनावर, पाव गोळी आणि घरातली दोन धडधाकट माणसे. एक जण टॉवेल धरतो, दुसरा जबडा. पाच मिनिटांनी हातावर ओरखडे, कपड्यांवर केस आणि ‘गेली एकदाची’ असा निःश्वास. दोन दिवसांनी केर काढताना तीच गोळी सोफ्याखाली सापडते, अर्धवट विरघळलेली. आठवड्याने दवाखान्यात ‘औषध नीट दिले ना?’ असा प्रश्न येतो आणि ‘हो, दिले की’ असे उत्तर दिले जाते.

मांजर असलेल्या घरांत हा प्रसंग हसत हसत सांगितला जातो. पण पुढचा उपचार चुकतो तो याच उत्तरामुळे. औषध लागू पडले नाही असे समजून डॉक्टर अधिक तीव्र औषध लिहितात, पुन्हा रक्त तपासायला सांगतात किंवा निदानावरच शंका घेतात. प्रत्यक्षात पहिले औषध पोटात गेलेलेच नसते. दोष मात्र ठरलेला असतो : मांजर हट्टी, माजोरडे, कोणाचे ऐकत नाही. या अडचणीचा मोठा भाग मांजराच्या स्वभावात नसून माणसासाठी बनवलेल्या गोळीत, अपुऱ्या चिठ्ठीत आणि औषध कसे द्यायचे हे कोणीच न दाखवण्यात आहे.

गोळी मधात घालून का चालत नाही?

मराठी घरांत औषध पाजण्याचे कसब लहान मुलांवर कमावलेले असते. चाटण मधातून, कडू गोळी गुळाच्या खड्यातून आणि वर साखरेची चिमूट. मांजरापुढे हा अनुभव कुचकामी ठरतो, कारण मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव होण्यासाठी जी दोन जनुके लागतात, त्यांपैकी एक मांजरांत निकामी झालेले आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील संशोधकांनी २००५ मध्ये हे दाखवून दिले. वाघ आणि चित्त्यातही हे जनुक असेच निकामी असल्याचे त्यांना आढळले. कडू मात्र मांजराला चांगले कळते. निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्यासाठी कडू म्हणजे धोक्याची सूचना आणि बहुतेक औषधे कडूच असतात.

त्यात मांजराची खाण्याची पद्धत कुत्र्यासारखी नाही. कुत्रा पोळीच्या तुकड्यात दडवलेली गोळी न चावता गिळून टाकतो. मांजर आधी हुंगते, मग चाटते, मग लहानसा घास तोडते. तोंडात काही वेगळे लागले की मासा पोटात आणि गोळी फरशीवर. शिवाय मांजर शिकारी असले, तरी मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य होण्याइतके लहान आहे. वरून येणारा हात, मानेवरची पकड आणि उलथे केलेले अंग यांचा अर्थ त्याच्या लेखी एकच असतो. जीव वाचवायला धडपडणाऱ्या प्राण्याला हट्टी म्हणणे अन्यायाचेच.

तोंडाला आलेला फेस हीदेखील घाबरून जाण्याची जागा. कडू औषध जिभेला लागले की मांजर भरपूर लाळ गाळते, कधी साबणासारखा फेस काढते. औषध बाधले असे समजून अनेक जण तिथेच उपचार थांबवतात. नुसती लाळ असेल तर ती थोड्या वेळात ओसरते. तिचे कारण चव हे असते. चेहरा सुजणे, धाप लागणे, वारंवार उलट्या होणे ही लक्षणे मात्र वेगळी, त्यांत वाट पाहू नये.

औषध बनवलेले असते कोणासाठी?

मांजराला दिली जाणारी अनेक औषधे माणसाच्या औषधांच्या दुकानातून येतात. त्यात गैर काही नाही; औषध तेच, मात्रा वेगळी. अडचण मात्रेच्या आकाराची आहे. साठ किलोच्या माणसासाठी घडवलेली गोळी चार किलोच्या जिवाला द्यायची म्हणजे तिचे तुकडे आले. रक्तदाब वाढलेल्या मांजराला देतात ते अ‍ॅम्लोडिपिन घेतले, तर माणसाची सर्वांत लहान गोळी साधारण अडीच मिलिग्रॅमची असते आणि मांजराची नेहमीची मात्रा तिच्या पाव, म्हणजे ०.६२५ मिलिग्रॅम. मुळात हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी, तिचे चार समान भाग स्वयंपाकघरातल्या सुरीने होत नाहीत. एक तुकडा मोठा, एक लहान आणि एकाचा चुरा होतो. म्हणजे सोमवारी जास्त, मंगळवारी कमी. औषधांच्या दुकानात मिळणारे गोळ्या कापायचे लहान यंत्र ही चैन नसून गरजेची वस्तू आहे.

तुकडा केल्याने आणखी एक घोळ होतो. गोळीवरचा पातळ थर कडूपणा झाकण्यासाठी असतो. गोळी मोडली की आतला भाग उघडा पडतो आणि माणसाला न जाणवणारी चव मांजराला पहिल्याच स्पर्शात कळते. काही गोळ्यांवरचा थर औषध आतड्यात पोहोचेपर्यंत टिकावे म्हणून, तर काहींची रचना औषध हळूहळू सुटावे म्हणून केलेली असते. अशा गोळ्या मोडायच्या नसतातच. चिठ्ठीवर ‘पाव गोळी दोन वेळा’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा ही गोळी मोडायची आहे का, कुटायची चालेल का, हे घरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

याला थोडा इतिहासही आहे. परळमध्ये १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेव्हा या विद्येपुढचे रुग्ण मुख्यतः घोडे आणि गुरे होती. बैलाला औषध पाजायला नळकांडे होते. घरातल्या मांजराला दिवसातून दोनदा, महिनाभर औषध देणे ही गरज शहरांतल्या सदनिकांत मांजर घरचे माणूस झाल्यानंतरची.

गिळली म्हणजे पोटात गेली का?

हा मुद्दा सर्वांत कमी सांगितला जातो आणि सर्वांत महत्त्वाचा आहे. मांजराने गोळी गिळली, जीभ बाहेर काढून नाक चाटले, म्हणजे काम झाले असे नाही. कोरडी गोळी अन्ननलिकेत चिकटून राहू शकते. अमेरिकेत ३० मांजरांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दिसले. कोरडी गोळी दिल्यानंतर पाच मिनिटे उलटली, तरी निम्म्याहून अधिक वेळा ती अन्ननलिकेतच होती. गोळीमागोमाग सहा मिलिलिटर पाणी दिले, तेव्हा ती जवळजवळ नेहमी पोटात उतरली.

अडकलेली गोळी तिथेच विरघळते आणि आतले आवरण भाजते. डॉक्सिसायक्लिन या नेहमीच्या प्रतिजैविकाच्या बाबतीत हे विशेषकरून नोंदले गेले आहे, क्लिंडामायसिनबाबतही. जखम भरताना अन्ननलिका आकसते. मग सर्दीसाठी औषध घेतलेले मांजर काही दिवसांनी खाल्लेले तसेच बाहेर टाकू लागते आणि अरुंद झालेली नळी फुग्याने रुंदावण्याची वेळ येते. गोळीनंतर सिरिंजमधून थोडे थोडे करून पाच-सहा मिलिलिटर पाणी, किंवा मांजर आपणहून खाईल असा ओला घास, एवढ्याने हे टळते. गोळीला किंचित लोणी वा तूप लावले तर ती सहज घसरते. पण पाण्याची जागा ते घेत नाही. ही एक ओळ प्रत्येक चिठ्ठीवर छापायला हरकत नसावी.

मग गोळी द्यायची कशी?

पहिला प्रयत्न नेहमी खाण्यातून, तेही मांजर भुकेले असताना. दिवसभर वाडग्यात कोरडे खाणे भरून ठेवायचे आणि मग गोळीसाठी लाडीगोडी लावायची, हे जुळत नाही. औषधाच्या दोन-तीन तास आधी वाडगा उचलावा. मग शिजवलेल्या कोंबडीचा मऊ लगदा, काटे काढलेला उकडलेला बांगडा किंवा मांजरांसाठी मिळणारी चाटायची पेस्ट, यांपैकी जे त्या मांजराला सर्वांत आवडते त्याच्या तीन लहान गोळ्या वळाव्यात. पहिली साधी, दुसरीत औषध, तिसरी लगेच नाकासमोर. तिसरीच्या ओढीने दुसरी पटकन गिळली जाते. ज्या हाताने गोळी तोडली त्याच हाताने घास वळू नये. बोटाला लागलेला चुरा मांजराला हुंगूनच कळतो आणि मग पहिला साधा घासही संशयित ठरतो.

हे जमले नाही तर हाताने देणे आले. इथे बहुतेकांची गडबड होते ती वेळेची आणि जागेची. पलंगाखालून ओढून काढलेले, झोपेतून उचललेले किंवा जेवणाच्या वाडग्यापाशी पकडलेले मांजर दुसऱ्या दिवसापासून पलंग, अंथरूण आणि वाडगा तिन्हींना बिचकते. जागा एकच आणि वेगळी ठरवावी : ओट्याचा कोपरा, टेबल किंवा वॉशिंग मशीन. खाली पाय न घसरणारा टॉवेल. गोळी, पाणी भरलेली बिनसुईची सिरिंज आणि नंतरचा खाऊ आधीच हाताशी. मांजर उचलल्यावर गोळीचे पाकीट शोधत बसले की सगळे बिनसले.

मांजराची पाठ आपल्याकडे असावी. समोरासमोर उभे राहून तोंड उघडणे म्हणजे भांडणाला बोलावणे. धडपड करणाऱ्या मांजराला टॉवेलात गुंडाळावे, अगदी तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसे; चारही पाय आत, डोके तेवढे बाहेर, आवळून नव्हे पण सैलही नाही. एका हाताने वरून डोके, अंगठा आणि तर्जनी गालफडांच्या हाडांवर. नाक थोडे वर उचलले की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे लहान पुढचे दात दाबून तोंड उघडायचे आणि गोळी जिभेच्या मागच्या भागावर, मधोमध टाकायची. जिभेच्या टोकावर ठेवलेली गोळी हमखास बाहेर येते. बोट आत घालायची भीती वाटत असेल तर गोळी पकडणारी प्लास्टिकची नळी मिळते; पशुवैद्य तिला ‘पिल गन’ म्हणतात. तोंड मिटू द्यावे, डोके सरळ करावे, लगेच पाणी द्यावे, मग खाऊ.

सगळा प्रकार अर्ध्या मिनिटाचा. दोन प्रयत्नांत जमले नाही तर थांबावे आणि तासाभराने पुन्हा पाहावे. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला मांजर काही शिकत असेल, तर ते पळायलाच.

पातळ औषध सोपे असते, पण तेही डोके मागे झुकवून ओतायचे नसते. ते श्वासनलिकेत जाते. सिरिंजचे टोक सुळ्याच्या मागच्या फटीतून गालाच्या आत ठेवून अर्धा-अर्धा मिलिलिटर, प्रत्येक वेळी गिळायला उसंत देऊन. बद्धकोष्ठावर लिक्विड पॅराफिन पाजण्याचा घरगुती उपाय तर टाळावाच. त्याला चव नसल्याने ते घशात आल्याचे मांजराला उमगत नाही आणि फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो.

सगळ्या जेवणात कालवून दिले तर?

सोपा वाटणारा आणि अनेकदा अंगाशी येणारा मार्ग. वाडगाभर खाण्यात गोळी कुटून घातली आणि मांजराने निम्मेच खाल्ले, तर औषधही निम्मेच गेले. घरात दोन मांजरे असतील तर ते कोणाच्या पोटात गेले हेही सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, तसे एकदा कडू लागले की ते खाणेच मांजर सोडते. आजारी मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून नवा आणि जीवघेणा आजार उभा राहू शकतो. मूत्रपिंडाच्या विकारासाठी दिलेल्या खास आहारात तर औषध मिसळूच नये. तो आहार टिकणे हाच उपचार असतो.

दूध, दही, पनीर यांतून औषध देण्याची सवयही तपासायला हवी. डॉक्सिसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके दुधातल्या कॅल्शियमशी बांधली जातात आणि त्यांचा प्रभाव घटतो. आणि कांदा-लसणाच्या रश्शात बुडवलेला तुकडा मुळीच नको. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, मग तो रस्सा कितीही मुरलेला असो.

घरातली तापाची गोळी का चालत नाही?

औषध देणे जमेना, दवाखाना लांब, मांजराचे अंग गरम. अशा वेळी घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल काढली जाते. मांजरासाठी ती विष आहे. हे औषध निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची जी प्रक्रिया माणसाच्या यकृतात चालते, ती मांजरात अत्यंत अपुरी असते. उरलेले घातक द्रव्य रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तिचा पाव तुकडाही सुरक्षित नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळायला हवा. त्यामुळे चुकून दिली गेली असेल, तर लाज न बाळगता तसे सांगून तडक दवाखाना गाठणे एवढेच हाती असते. आयब्युप्रोफेनही तितकेच वर्ज्य. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे, परमेथ्रिन असलेले थेंबही मांजराला झटके आणतात.

चावा बसला तर तोही किरकोळ नसतो. मांजराचे दात सुईसारखे. जखम वरून बारीक दिसते पण जंतू खोल जातात. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. भारतात रेबीज आहे आणि रक्त काढणारा चावा घरच्या मांजराचा असला तरी त्यातून सूट मिळत नाही. हळद-चुना लावून गप्प बसणे हे धाडस अनाठायी आहे.

जमतच नसेल तर?

तर तसे सांगावे. मुळात हेच होत नाही. ‘मला देता आले नाही’ म्हणणे हे पालक म्हणून अपयश वाटते आणि दवाखान्यातल्या गर्दीत डॉक्टरांनाही खोलात विचारायला उसंत नसते. पशुवैद्यांची बाजू इथे समजण्यासारखी आहे. पाच-दहा मिनिटांत तपासणी, निदान आणि चिठ्ठी उरकायची असते. पण गोळी देऊन दाखवायला लागते ती दोन मिनिटे, आणि पहिला डोस दवाखान्यातच मालकाच्या हातून द्यायला लावला तर घरची अर्धी लढाई तिथेच संपते.

याची किंमत नात्यातही मोजावी लागते. ‘जर्नल ऑफ फेलाइन मेडिसिन अँड सर्जरी’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑनलाइन सर्वेक्षणात अनेक देशांतल्या अडीच हजारांहून अधिक मांजरपालकांनी उत्तरे दिली. औषध देण्यामुळे मांजराशी असलेले आपले नाते बदलले, असे निम्म्याहून अधिक जणांनी सांगितले. रोज मांडीवर येऊन बसणारे मांजर पावलांचा आवाज ऐकून लपू लागते, तेव्हा उपचार सोडून द्यावासा वाटतो. त्या माणसाला निष्काळजी ठरवून काही साधत नाही.

अडचण सांगितली तर पर्याय निघतात. दिवसातून दोनदाच्या औषधाऐवजी एकदाचे चालेल का, गोळीऐवजी पातळ औषध मिळेल का, चारपैकी एखादे कमी करता येईल का, हे डॉक्टर ठरवू शकतात. सेफोव्हेसिन या प्रतिजैविकाच्या एका इंजेक्शनचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. मात्र ते तिसऱ्या पिढीतले सेफॅलोस्पोरिन असल्याने केवळ गोळीचा कंटाळा म्हणून प्रत्येक शिंकेवर ते टोचणे योग्य नाही. वजन घटत असलेल्या मांजरांसाठी कानाच्या पाळीच्या आत लावायच्या मिर्टाझापिनच्या मलमाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्वचेतून सगळीच औषधे आत जात नाहीत, त्यामुळे हा मार्ग मोजक्याच औषधांना लागू. लावणाऱ्याने हातमोजेही घालायला हवेत.

या साऱ्याला किती महत्त्व आहे, ते ‘एफआयपी’ या आजारात दिसते. मांजरांतल्या एका कोरोना विषाणूमुळे होणारा हा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ निश्चित मृत्यू मानला जाई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ३१ मांजरांवरील जीएस-४४१५२४ या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्यांतली बहुतेक मांजरे वाचली. तेव्हा ही इंजेक्शने होती, रोज आणि झोंबणारी. आता हेच औषध गोळीतून देता येते, पण नेहमीचा क्रम ८४ दिवसांचा. औषध रोज, ठरलेल्या वेळी आणि वाढत्या वजनाप्रमाणे मात्रा बदलत द्यायचे; मध्ये खंड पडला तर आजार उलटण्याची धास्ती. म्युनिकच्या पशुवैद्यकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पोटात किंवा छातीत पाणी होणाऱ्या प्रकारात ४२ दिवसांचा क्रमही तितकाच परिणामकारक ठरला. कोणत्या मांजराला हा छोटा क्रम पुरेल, ते डॉक्टरांनी तपासण्या पाहून ठरवायचे. ज्या घरात तो पुरेल, तिथे मांजराचे तोंड बेचाळीस वेळा कमी उघडावे लागेल.